मेथड कोणाची?

ओरलला एक्स्टर्नल सरांनी "मेथड म्हणजे काय?" असं विचारलं, की आपल्यातले बहुतेक जण डोळे मिटून सांगतात, "सर, क्लासच्या आत लिहिलेलं फंक्शन." मीही तेच सांगितलं होतं. मार्कही मिळाले होते. पुढचा प्रश्न ठरलेला, "जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहे का?" त्याचंही उत्तर पाठ, "नाही सर, ऑब्जेक्ट बेस्ड आहे." बेस्ड म्हणजे काय, कशावर बेस्ड, हे सरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोघंही खूश. चहा आला, ओरल संपली.

या पाठांतराची किंमत गेल्या वर्षी आपल्या हॉस्टेलमधल्या तीन मुलांनी रोख भरली. आणि एका चौथ्याने वेगळ्या प्रकारे भरली, ते पुढे सांगतो. म्हणून हा लेख. ज्यांना कोडिंगचा कंटाळा आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण विषय खाड्यांचा आहे.

खाड्याचा नियम सगळ्यांना माहीत आहे. सलग तीन दिवस किंवा जास्त गैरहजर राहणार असाल तर आधी रजिस्टरमध्ये नोंद करायची, मग महिन्याच्या बिलात तेवढ्या दिवसांची सूट मिळते. पूर्वी हा हिशोब वहीत व्हायचा आणि दर महिन्याला भांडणं व्हायची. मी मेस कमिटीत होतो, कॉम्प्युटरचा होतो, त्यामुळे उत्साहाच्या भरात म्हटलं, मी एक पेज बनवतो. मेसच्या ऑफिसात जो जुना पीसी आहे त्यावर चालेल. काकांनी फक्त नाव निवडायचं, की सूट दिसेल.

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं. प्रत्येक मुलाचं एक ऑब्जेक्ट, त्याचं नाव मी 'खाते' ठेवलं. त्यात 'दर', 'दिवस' या प्रॉपर्टी आणि 'सूट' नावाची मेथड. (जाता जाता एक गंमत सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची आणि प्रॉपर्टीची नावं देवनागरीत देता येतात. खरंच चालतात, करून बघा. भाषेचे स्वतःचे शब्द तेवढे रोमनमध्ये लिहावे लागतात, ते इथे मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.) सूट मेथडमध्ये एकच ओळ होती: रिटर्न धिस.दर * धिस.दिवस. नव्वद रुपये दर आणि अकरा दिवस खाडा, तर ९९० रुपये. यात चुकण्यासारखं काय आहे?

फर्स्ट इयरचा एक मुलगा तेव्हा माझ्या मदतीला यायचा. मराठी मीडियमचा, कमी बोलणारा, पण ओळ न् ओळ वाचणारा. त्याने पेजवर 'हिशोब' नावाचं बटण टाकलं. बटण दाबलं की एक फंक्शन चालायचं आणि त्या फंक्शनच्या आत लिहिलं होतं: दाखव(खाते.सूट()). म्हणजे आधी सूट काढायची आणि आलेला आकडा 'दाखव' या फंक्शनला द्यायचा. व्यवस्थित चालत होतं.

मग मी सिनिअर असल्यामुळे त्याचा कोड 'सुधारला'. 'दाखव' जनरल करून टाकलं. म्हणजे आकडा देऊ नका, मेथडच द्या, 'दाखव' ती आत चालवेल आणि उत्तर पावतीवर छापेल. पुढे दंडाची मेथड आली, गेस्टच्या जेवणाची आली, तरी हेच एक फंक्शन पुरेल. त्यामुळे ओळ झाली: दाखव(खाते.सूट). सूटच्या पुढचे दोन कंस गेले, बस. आणि कधी काही विचित्र उत्तर आलं तर पावतीवर घाण दिसू नये म्हणून छापायच्या जागी दोन उभ्या रेघा आणि शून्य टाकलं. म्हणजे उत्तर धड नसेल तर शून्य दाखव.

त्या मुलाने तेव्हा विचारलं होतं, "दादा, कंस काढले तर आत गेल्यावर त्याला कसं कळणार, कोणाचं खातं?"

मी म्हटलं, "अरे, मेथड खात्याचीच आहे ना! ती कुठेही गेली तरी खात्याचीच राहणार."

आता नेमकं काय झालं ते बघा. खाते.सूट असं कंसाशिवाय लिहिलं, की जावास्क्रिप्ट त्या खात्यात जाऊन 'सूट' नावाच्या कप्प्यात काय आहे ते काढून तुमच्या हातात देते. त्या कप्प्यात असतं एक साधं फंक्शन. ते कोणत्या खात्यातून काढलं याची त्या फंक्शनवर कुठेही नोंद नसते. 'धिस' म्हणजे कोण, हे फंक्शन लिहिताना ठरत नाही. ते चालवताना ठरतं. खाते.सूट() असं लिहून चालवलं तर टिंबाच्या डावीकडे जो आहे तो 'धिस'. टिंबच नसेल, नुसतं फंक्शन हातात घेऊन चालवलं, तर 'धिस' म्हणजे आपलं खातं नव्हे. साध्या ढिल्या मोडमध्ये, ब्राउझरमध्ये, ते पूर्ण पेजचं 'विंडो' ऑब्जेक्ट होतं. विंडोकडे 'दर' नाही, 'दिवस' नाही. दोन्ही अनडिफाइन्ड. अनडिफाइन्डला अनडिफाइन्डने गुणलं की उत्तर येतं 'नॉट अ नंबर'. आणि माझ्या त्या दोन रेघांनी त्याचं केलं शून्य.

एररही नाही, लाल अक्षरंही नाहीत. सगळ्यांची सूट शून्य!

मराठीत समजावून घ्यायचं तर 'माझं' हा शब्द घ्या. "माझं बिल किती?" हे वाक्य कोणाचं? कोणाचंच नाही. जो काउंटरवर उभा राहून ते म्हणेल त्याचं. तेच वाक्य कागदावर लिहून कागद नुसता काउंटरवर ठेवून आलात, तर काका विचारतील, "माझं म्हणजे कोणाचं रे?" मी तो कागद ठेवून आलो होतो.

बिलं भरायच्या पहिल्या दिवशी तिघांनी पूर्ण बिल भरलं. काकांनी सांगितलं, "कॉम्प्युटरमध्ये सूट शून्य दाखवतंय." वही असती तर तिघंही भांडले असते. कॉम्प्युटर म्हटल्यावर गप्प बसले. त्यातला एक अकरा दिवस घरी होता, वडिलांच्या ऑपरेशनसाठी. त्याने ९९० रुपये रूममेटकडून उसने घेऊन भरले. त्याला वाटलं, आपण नोंद उशिरा केली असेल. दुसऱ्या दिवशी चौथ्या मुलाने काउंटरवर आवाज चढवला तेव्हा कुठे प्रकरण उघड झालं.

संध्याकाळी मेसमध्ये सगळे जमले. कोणीतरी विचारलं, "कोड कोणी बिघडवला?" मी म्हटलं, "माझं नीट चालत होतं. ज्युनिअरने बटण टाकलं, तेव्हापासून गडबड आहे." तीसेक मुलांसमोर म्हटलं. तो तिथेच उभा होता. काही बोलला नाही. ताट ठेवलं आणि गेला. हाच तो चौथा.

रात्री दोन वाजता, सूट मेथडच्या आत धिस प्रिंट करून बघितलं तेव्हा स्क्रीनवर विंडो आलं. खरं सांगतो, पोटात गोळा आला. त्याची मूळ ओळ बरोबर होती. त्याचा प्रश्नही बरोबर होता. चूक माझ्या उत्तरात होती, आणि ते उत्तर म्हणजे मी ओरलला दिलेलं तेच पाठ केलेलं उत्तर होतं.

असो. आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे जावास्क्रिप्ट ही जावाची धाकटी बहीण असल्यासारखी शिकवली जाते आणि शिकली जाते. नावातच घोटाळा आहे. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत या भाषेचा पहिला अवतार लिहिला. वरून हुकूम होता, की दिसायला जावासारखी दिसली पाहिजे. म्हणून महिरपी कंस, 'न्यू', 'धिस' हे सगळं जावाच्या थाटात आलं. आतला माल मात्र दुसरीकडचा. फंक्शन म्हणजे एखाद्या आकड्यासारखीच वस्तू, ती इकडून तिकडे देता येते, हा विचार स्कीम या भाषेतून आला. आणि क्लास नकोच, एका ऑब्जेक्टने दुसऱ्या ऑब्जेक्टकडून गुण उसने घ्यावेत, हा विचार आला सेल्फ या भाषेतून. सेल्फ १९८६ साली झेरॉक्स पार्कमध्ये डेव्हिड उंगार आणि रँडल स्मिथ यांनी आखली. कपडे जावाचे, मन सेल्फचं आणि स्कीमचं. आपण कपडे बघून ओरलची उत्तरं पाठ करतो.

पायथॉनवाले हसत असतील. त्यांना हसू द्या, त्यांच्याकडे खाते.सूट असं कंसाशिवाय घेतलं तरी ती मेथड आपल्या खात्याला धरून राहते. 'बाउंड मेथड' म्हणतात तिला. म्हणजे मी पायथॉनमध्ये हाच आगाऊपणा केला असता तर ९९० रुपये वाचले असते. जावामध्ये तर मेथड अशी ऑब्जेक्टवरून सोलून काढताच येत नाही. म्हणूनच एका भाषेतलं 'मेथड' दुसऱ्या भाषेत नेताना थांबून बघावं लागतं. शब्द तोच, व्यवहार वेगळा.

आता दुसरी गोष्ट, मेथड ठेवायची कुठे? मी प्रत्येक खात्याच्या आतच 'सूट' लिहिली होती. चारशे मुलं असतील तर फंक्शनही चारशे, सगळी हुबेहूब. दोन खात्यांच्या सूट तीन बरोबरच्या चिन्हांनी ताडून बघितल्या तर उत्तर 'फॉल्स' येतं, कारण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. यावर भाषेचा स्वतःचा उपाय म्हणजे प्रोटोटाइप. फर्स्ट इयरचा ड्रॉइंगचा पेपर आठवा. ड्राफ्टर हवा आहे. आधी आपल्या कपाटात बघतो. नाही मिळाला तर रूममेटच्या. त्याच्याकडेही नसेल तर सिनिअरकडे. तिथेही नसेल तर "नाही मिळाला" म्हणून परत. ऑब्जेक्टवर मेथड शोधताना अगदी हेच होतं. आधी स्वतःकडे, मग आपल्या प्रोटोटाइपकडे, मग त्याच्या प्रोटोटाइपकडे, शेवटी मूळ ऑब्जेक्टच्या प्रोटोटाइपकडे. त्यापुढे 'नल', म्हणजे हॉस्टेलचं गेट.

यात खरी मेख पुढे आहे. ड्राफ्टर सिनिअरचा असला तरी शीट कोणाची? माझीच. मेथड प्रोटोटाइपवर सापडली तरी 'धिस' प्रोटोटाइप होत नाही. ज्याच्यापासून शोध सुरू झाला तोच 'धिस' राहतो. ही एक गोष्ट कळली, की एकच सूट चारशे खात्यांना कशी पुरते ते आपोआप कळतं. मला थर्ड इयरच्या शेवटापर्यंत कळलं नव्हतं. परीक्षेत मात्र मी 'प्रोटोटाइपल इनहेरिटन्स'वर आठ मार्कांचं उत्तर आकृतीसकट लिहून आलो होतो.

मित्र म्हणतात, "एवढं कशाला? २०१५ पासून भाषेत क्लास आहे, तो वापर आणि गप बस." त्यांचं अर्धं खरं आहे. क्लासमध्ये लिहिलेली मेथड आपोआप प्रोटोटाइपवर जाते. क्लासच्या आतला कोड नेहमी स्ट्रिक्ट मोडमध्ये चालतो, म्हणजे माझी चूक क्लासमध्ये झाली असती तर 'धिस' विंडो न होता अनडिफाइन्ड झाला असता, अनडिफाइन्डचा 'दर' मागितल्यावर पेज तिथेच एरर देऊन थांबलं असतं आणि काकांनी मला हाक मारली असती. तीन मुलांचे पैसे गेले नसते. हे मी मान्य करतो. स्ट्रिक्ट मोड २००९ पासून भाषेत आहे, फाइलच्या डोक्यावर एक ओळ लिहायची असते. मी ती लिहिली नव्हती, कारण नेटवरून उचललेल्या उदाहरणात ती नव्हती.

पण राहिलेलं अर्धं असं, की क्लास आला म्हणून मेथड ऑब्जेक्टला चिकटली नाही. कंसाशिवाय काढली तर क्लासमधली मेथडही तशीच सुटी होते. क्लासवर 'टाइपऑफ' चालवून बघा, उत्तर येतं 'फंक्शन'. आत तेच जुनं घर आहे, पुढे नवीन व्हरांडा. व्हरांडा छान आहे, पण गळती आतल्या छतातून होते आणि ते छत शिकवायला कोणी तयार नाही.

दुसरा एक सल्ला मेसच्या प्रकरणानंतर मला चौघांनी दिला. "ॲरो फंक्शन वापर, धिसचा प्रॉब्लेमच जातो." मी लगेच सूट मेथडच ॲरो केली. मग तर खाते.सूट() असं कंस देऊन नीट चालवलं तरी शून्य! कारण ॲरोला स्वतःचा 'धिस' नसतोच. ज्या जागी ती लिहिली त्या जागेचा 'धिस' ती उचलते. आणि ऑब्जेक्टचे महिरपी कंस म्हणजे काही नवीन जागा नव्हे. बाहेर विंडो, तर आतही विंडो. पाठांतर एकाऐवजी दुसरं केलं, एवढाच फरक. ॲरो हवी ती बाहेरच्या वेष्टनाला, म्हणजे 'दाखव'ला मेथड देताना ॲरोच्या आत खाते.सूट() पूर्ण कंसासह लिहायचं. किंवा खाते.सूटला 'बाइंड' करून कायमचं त्या खात्याला बांधायचं. खुद्द मेथड लिहिताना नाव, कंस, महिरप, एवढं पुरे. मधे 'फंक्शन' शब्दही लागत नाही, ती सोयही २०१५ पासून आहे.

आणि एक प्रकार असा, ज्यात हुशार मुलं सापडतात. मेथड आपल्या ऑब्जेक्टवर न लिहिता भाषेच्या स्वतःच्या ऑब्जेक्टवर लिहायची. ॲरेला एखादी सोय नाही ना, मग ॲरेच्या प्रोटोटाइपवर आपली मेथड ठोकून द्या. चालतं! भाषा अडवत नाही. कॉमन रूमच्या भिंतीला खिळा ठोकण्यासारखं आहे. मूटूल्स नावाच्या एका लायब्ररीने हेच केलं होतं, 'फ्लॅटन' नावाची मेथड ॲरेवर टाकली होती. पुढे भाषा ठरवणाऱ्या कमिटीलाच त्याच नावाची मेथड भाषेत आणायची होती. २०१८ मध्ये लक्षात आलं, की तसं केलं तर मूटूल्सवर चालणारी जुनी पेजेस मोडतात. कारण बारीक आहे, पण सांगण्यासारखं आहे. साध्या असाइनमेंटने लिहिलेली नवीन मेथड लूपमध्ये मोजली जाते. भाषेने आधीच तिथे ठेवलेली मेथड मोजली जात नाही, आणि तिच्यावर आपली मेथड लिहिली तरी ती न मोजणारीच राहते. मूटूल्स ॲरेवरच्या मेथड लूप फिरवून दुसरीकडे कॉपी करायची. भाषेत 'फ्लॅटन' आली असती तर लूपला ती दिसली नसती, आणि कॉपी राहिली असती. कोणीतरी गमतीत 'स्मूश' असं नाव सुचवलं, त्यावर बराच वाद झाला, शेवटी २०१९ च्या आवृत्तीत 'फ्लॅट' हे नाव घेऊन कमिटी मोकळी झाली. त्याआधी 'कंटेन्स'चं 'इन्क्लूड्स' व्हायलाही मूटूल्सच कारण. वर्षानुवर्षांपूर्वी ठोकलेल्या खिळ्याने जगभरच्या भाषेतलं नाव बदललं! तेव्हा 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

आता सर आणि मॅडम यांना नम्र विनंती. रागावू नका, पण वेब टेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आम्ही कॅल्क्युलेटर, घड्याळ आणि फॉर्म व्हॅलिडेशन करतो. तिन्हींचं जर्नल मागच्या बॅचकडून येतं, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यातलं एक कमी करा आणि एक तास नुसतं एवढंच करायला लावा: एक ऑब्जेक्ट, एक मेथड, आणि आत धिस प्रिंट. ती मेथड टिंबाने चालवा. मग व्हेरिएबलमध्ये काढून नुसती चालवा. मग बटणाला थेट बांधून चालवा, तिथे 'धिस' म्हणून चक्क ते बटणच हातात येतं. मग स्ट्रिक्टची ओळ टाकून पहिल्यापासून पुन्हा. आणि ओरलला व्याख्या विचारण्याऐवजी दोन ओळी दाखवून विचारा, "काय छापेल आणि का?" 'का'ला निम्मे मार्क ठेवा. आमच्यातले बरेच जण पहिल्या वर्षी आपटतील. मीही आपटलो असतो, आणि ते मेसच्या काउंटरवर आपटण्यापेक्षा बरं झालं असतं.

ज्युनिअर्सना एकच सांगणं. सिनिअर "असंच असतं रे" म्हणाला, की त्याला प्रिंट करून दाखवायला लावा. दोन मिनिटांचं काम असतं. मी त्या दिवशी केलं नाही, कारण मला उत्तर येतंय असं मला वाटत होतं.

त्या मुलाच्या रूमवर मी दुसऱ्या दिवशी गेलो. माफी मागितली. "ठीक आहे दादा," म्हणाला. मग मेसमध्येही सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक माझी होती, त्याची ओळ बरोबर होती. पण पहिल्या दिवशी तीस जण होते, दुसऱ्या दिवशी बारा. तो नंतर कधी कोड लिहायला आमच्याकडे आला नाही. ऐकतो, की सध्या तो रोबोटिक्सवाल्यांबरोबर असतो. पेजमध्ये मी त्याची मूळ ओळ जशीच्या तशी परत टाकली आहे, कंसांसकट, आणि ती दोन रेघांची शून्याची युक्ती काढून टाकली आहे. आता काही बिघडलं तर पावतीवर घाण दिसते. दिसू दे.

पैशांचं म्हणाल तर दोघांचे पुढच्या महिन्याच्या बिलात वळते झाले. त्या ९९० रुपयांचे अजून राहिले आहेत. तो लास्ट इयरला होता, पास आउट होऊन गेला, जुना नंबर लागत नाही. त्याच्या बॅचपैकी कोणाकडे नवीन नंबर असेल तर मेसच्या ऑफिसात काकांकडे द्यावा. रक्कम पाकिटात घालून ठेवली आहे.